मालदीव की राजा अंपात? लाइव्हअबोर्डला निघालेल्या मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कूबा डाइव्हिंगचा कोर्स झाला, अंदमानही करून झालं, की मुंबईतल्या डाइव्हर मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला : आता लाइव्हअबोर्ड कुठे? म्हणजे आठवडाभर बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह करायच्या. चर्चा शेवटी मालदीव आणि राजा अंपात या दोन नावांवर येऊन थांबते. खालचे प्रश्न शिवाजी पार्कच्या तलावाबाहेर, व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि फोनवर आम्हाला पुन्हापुन्हा विचारले जातात. पैशाचा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी येतो. तो मुद्दाम खाली ठेवलाय.

आढेवेढे न घेता सांगा, डाइव्हिंग कुठलं चांगलं?

प्रवाळ बघायचे तर राजा अंपात, त्यात वाद नाही. मोठे प्राणी, मोकळं निळं पाणी आणि खाडीसारख्या वाटांमधून होणारी शार्कची ये-जा बघायची तर मालदीव.

आणखी खोलात विचारलंत तर आमचं मत असं. मालदीवमध्ये आपण कोणासाठी तरी पाण्यात उतरतो : मांटा (पंखांसारखे पर असलेला मोठा चपटा मासा), व्हेल शार्क, ग्रे रीफ शार्क. ते आले तर डाइव्ह सोन्याची, नाही आले तर फिकी. राजा अंपातमध्ये कोणी आलं नाही तरी एकाच भिंतीसमोर तास निघून जातो. त्यामुळे 'सरासरी डाइव्ह' राजा अंपातची वरचढ, आणि पैशाच्या मानाने 'सर्वोत्तम डाइव्ह' मालदीवची. मात्र चुकीच्या महिन्यात गेलात तर दोन्हीकडे ही सगळी तुलना निरर्थक आहे. महिन्याबद्दल पुढे सविस्तर आहे, ते वगळू नका.

राजा अंपातचं एवढं कौतुक कशासाठी?

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला, पापुआच्या पश्चिमेला हा बेटांचा समूह आहे. वाइगेओ, बातांता, सालावाती आणि मिसूल ही चार मोठी बेटं आणि त्यांच्याभोवती विखुरलेली दीड हजाराच्या आसपास छोटी बेटं. प्रशांत महासागराचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागराकडे सतत वाहत असतं आणि राजा अंपात त्या वाटेवरच आहे. पाण्याबरोबर अन्न येतं, प्रवाळांची आणि माशांची पिल्लं येतात. जगात माहीत असलेल्या कठीण प्रवाळांच्या जातींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश या एका भागात सापडतात.

आकडा एकच लक्षात ठेवा. केप क्री नावाच्या ठिकाणी मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांनी एका डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती नोंदवल्या. आपल्याला त्यातले पन्नास ओळखता आले तरी खूप. पण पाण्यात उतरल्यावर तो आकडा पटतो : वर फ्युसिलियरचे थवे, मध्ये ट्रेव्हली, खाली स्वीटलिप्सची रांग, आणि गाइड मात्र या सगळ्याकडे पाठ करून सी-फॅनवर (पंख्याच्या आकाराच्या प्रवाळावर) बसलेला नखापेक्षा लहान पिग्मी सीहॉर्स दाखवत असतो. दगडासारखा पडून राहणारा, तोंडाभोवती झालर असलेला वॉबेगाँग शार्क इथेच बघावा. रात्री उथळ पाण्यात परांवर चालणारा एपॉलेट शार्कही भेटतो.

दक्षिणेला मिसूलकडे मऊ प्रवाळांचे रंग आहेत, उत्तरेला डॅम्पियर सामुद्रधुनीत माशांची गर्दी. फाम बेटांजवळचं मेलिसाज गार्डन हे कठीण प्रवाळांचं उथळ पठार आहे. तिथे शेवटची वीस मिनिटं पाच-सहा मीटरवर काढायची आणि घड्याळाकडे बघायचं नाही.

म्हणजे मालदीवचे प्रवाळ खराब झालेत?

बरेच ठिकाणी हो, आणि हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. १९९८च्या एल निनोत तिथल्या उथळ प्रवाळांचा फार मोठा भाग मेला. सावरत आले तोवर २०१६मध्ये पुन्हा तसंच झालं, आणि २०२४मध्ये जगभर प्रवाळ पांढरे पडले त्यातून मालदीवही सुटला नाही. प्रवाळ पांढरा पडतो म्हणजे उष्ण पाण्याने त्रासून आतलं शेवाळ बाहेर टाकतो. लगेच मरतो असं नाही, पण पाणी वेळेत थंड झालं नाही तर मरतो.

म्हणून मालदीवच्या रीफचा, म्हणजे प्रवाळांच्या खडकाचा, वरचा थर कित्येकदा करडा आणि मोडका दिसतो. त्याच रीफवर वीस मीटरखाली, कपारींच्या छताला लटकणारे पिवळे-जांभळे मऊ प्रवाळ आणि माशांचे दाट थवे मात्र छान असतात. रीफवर नाराज होऊन परतलेले लोक बहुधा स्नॉर्केल करून, म्हणजे पृष्ठभागावरूनच बघून, आलेले असतात.

शार्क आणि मांटा नक्की कुठे जास्त?

मालदीवमध्ये. २०१०पासून तिथे शार्कची मासेमारी बंद आहे आणि त्याचा फायदा दिसतो. प्रवाळ-वलयाच्या (ॲटॉलच्या) कडेला समुद्राकडे उघडणाऱ्या वाटा असतात, त्यांना तिकडे 'कंडू' म्हणतात. पाणी आत शिरत असताना कंडूच्या उंबऱ्यावर खडकात हुक अडकवून थांबायचं आणि ग्रे रीफ शार्क समोरून जाताना बघायचे, ही मालदीवची खास डाइव्ह. पाण्यात बुडालेला डोंगरमाथा म्हणजे 'थिला'. आरी वलयातला माया थिला रात्रीच्या डाइव्हसाठी प्रसिद्ध आहे, शिकार करणारे व्हाइटटिप शार्क आणि ट्रेव्हली तुमच्या टॉर्चच्या उजेडाचा फायदा घेतात. व्हेल शार्क दक्षिण आरीत बाराही महिने दिसू शकतात, बहुतेक वयात न आलेले नर. रीफ मांटांची जगातली सर्वात मोठी नोंदलेली संख्याही मालदीवचीच आहे.

आलिमाथा बेटाच्या धक्क्याजवळची नर्स शार्कची रात्रीची डाइव्ह सगळ्यांना दाखवली जाते. पहिल्यांदा धमाल वाटते. पण खाऊ घालायच्या जुन्या सवयीने जमलेले शार्क आणि चार बोटींचे डाइव्हर एकाच वाळूवर, याला आम्ही निसर्ग म्हणणार नाही. फुवामुला बेटाच्या टायगर शार्कबद्दलही तेच. तिथे मासळी बाजाराचा टाकाऊ भाग पाण्यात जातो म्हणून ते येतात.

राजा अंपातमध्ये ब्लॅकटिप, ग्रे आणि वॉबेगाँग दिसतात, पण शार्कच्या रांगांची अपेक्षा ठेवू नका. मांटा मात्र आहेत, आणि मिसूलच्या मॅजिक माउंटनवर किंवा उत्तरेला ब्लू मॅजिकवर नशीब असेल तर रीफ मांटा आणि त्याहून मोठा समुद्री मांटा एकाच डाइव्हमध्ये दिसतात. तिथे झेब्रा शार्क जवळजवळ संपला होता. परदेशी मत्स्यालयांतून अंडी आणून, पिल्लं वाढवून ती परत समुद्रात सोडण्याचं काम आता सुरू आहे. तुम्हाला एखादा दिसलाच तर गाइडला फोटो द्या, अंगावरच्या ठिपक्यांवरून तो कोण ते ओळखता येतं.

कधी जायचं? सुट्टी दिवाळीत, नाताळात, मेमध्ये नाहीतर गणपतीत मिळते.

मालदीवचं गणित वाऱ्यावर चालतं आणि तो वारा आपल्या ओळखीचा आहे. डिसेंबर ते एप्रिल ईशान्य वारे असतात, पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे ढकललं जातं. समुद्राचं स्वच्छ पाणी पूर्वेच्या कंडूंमधून आत येतं, म्हणून शार्क पूर्वेला. वलयातलं प्लवकाने (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांनी) गढूळ पाणी पश्चिमेने बाहेर पडतं, म्हणून मांटा पश्चिमेला. मेपासून नैर्ऋत्य मोसमी वारे लागले की सगळं उलटं. 'मालदीवला मांटा असतात' या माहितीचा म्हणूनच उपयोग नाही. तुमच्या महिन्यात तुमची बोट वलयाच्या कुठल्या बाजूला जाणार, ते विचारा.

नाताळ ते मार्च हा मालदीवचा उत्तम काळ, त्यातही फेब्रुवारी-मार्च. मेमध्ये शाळांना सुट्टी असते म्हणून विचारणा खूप होते, पण तेव्हा पाणी वर्षातलं सर्वात गरम आणि वारे बदलत असतात. डाइव्हिंग होतं, दरही उतरतात, पाऊस मात्र गृहीत धरा.

गणपतीत जायचं तर बा वलयातलं हनिफारू. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला या छोट्या उपसागरात प्लवक अडकतं. वारा साथ देत असेल तर डझनावारी मांटा एकत्र खायला येतात. मात्र तिथे सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल. बा वलय २०११पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे आणि रेंजर नियम पाळायला लावतात.

राजा अंपातचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, फार तर मेचा पहिला आठवडा. म्हणजे दिवाळीची सुट्टी तिथे अगदी जुळते. जून ते सप्टेंबर दक्षिणेकडून वारा येतो, मिसूलचा समुद्र खवळतो आणि बऱ्याच बोटी कोमोडोला निघून जातात. त्या काळात कोणी मिसूल स्वस्तात देत असेल तर का, ते समजून घ्या.

पाणी किती स्वच्छ असतं?

मालदीवमध्ये चांगल्या महिन्यांत वीस-तीस मीटर, आत येणाऱ्या करंटमध्ये त्याहून जास्त. राजा अंपातमध्ये दहा ते पंचवीस. तिथलं पाणी प्लवकाने भरलेलं असतं आणि त्याच प्लवकावर सगळी जत्रा जगते, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही. वाइड अँगल फोटोवाल्यांना मालदीव सोपं जातं, मॅक्रोवाल्यांनी, म्हणजे छोट्या जिवांचे जवळून फोटो काढणाऱ्यांनी, राजा अंपातशिवाय दुसरा विचारच करू नये. तापमान दोन्हीकडे साधारण २७ ते ३० अंश, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. दिवसाला चार डाइव्ह करणाऱ्याला तिसऱ्या दिवशी थंडी वाजायला लागते, आत घालायला एक बनियन ठेवा.

करंट झेपेल का मला?

हा प्रश्न विचारताय म्हणजे बहुधा अजून थोडा सराव हवा. दोन्हीकडे करंट आहे, जातकुळी वेगळी आहे.

मालदीवमध्ये कंडूच्या बाहेर उतरायचं, बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात) हवा न ठेवता थेट खाली जायचं आणि उंबरा पकडायचा. उंबरा चुकला तर वाहत वलयाच्या आत जाता, डाइव्ह संपते, तुमची धोनी (मोठ्या बोटीबरोबरची छोटी बोट) येऊन उचलते. म्हणून वेग हवा, आणि स्वतःचा सिग्नल बॉय (आपली जागा दाखवणारा तरंगता फुगा) सोडता यायलाच हवा. कायद्याने मनोरंजनाच्या डाइव्हला ३० मीटरची मर्यादा आहे आणि डेको डाइव्ह (वर येताना सक्तीने थांबे घ्यावे लागतात अशा) चालत नाहीत.

राजा अंपातमध्ये करंट भरती-ओहोटीचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जोरात, अष्टमीच्या आसपास भांगाच्या छोट्या भरतीत ढिला. डॅम्पियरमध्ये एकाच डाइव्हमध्ये पाणी दिशा बदलतं, कधी खालीही ओढतं. गाइड आधी पाण्यात डोकावून बघतात, बेत बदलतात, आणि तो बदलला म्हणून कुरकुर करायची नसते. भाजीपाला मागायला आलेल्या शेजाऱ्याशी बोलावं तितक्या सहज गाइडशी बोला : 'आज मला हे जमणार नाही.' चांगली बोट त्यावर नाक मुरडत नाही.

हुक लावायचा तर मेलेल्या खडकालाच, हे दोन्हीकडे.

किती डाइव्ह झाल्यावर जावं?

मालदीवच्या बहुतेक बोटींना ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि तीस ते पन्नास डाइव्ह हव्या असतात. मालवणला बोटीवरून हात धरून मारलेली बुडी यात धरत नाहीत. ती मजेची असते, प्रशिक्षणाची नाही.

राजा अंपातला बोटी कमी डाइव्हवाल्यांनाही घेतात, आणि आम्हाला ते पटत नाही. तिथे हात टेकवायला मोकळा खडक क्वचितच सापडतो, जवळजवळ सगळीकडे काहीतरी जिवंत आहे. एका जागी तरंगत राहता येत नसेल तर तुम्ही दहा मिनिटांत शंभर वर्षांचं काहीतरी मोडून येता, आणि निम्मं दिसत नाही ते वेगळंच. आधी कर्नाटकातलं नेत्राणी, अंदमान, मग मालदीव, मग राजा अंपात हा क्रम आम्ही सुचवतो. शिवाय नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा) कोर्स करूनच निघा. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला खोलीची मर्यादा साधारण ३४ मीटर येते, म्हणजे या दोन्ही ठिकाणांना अगदी बेताची.

खर्च?

सात रात्रींच्या साध्या ते मध्यम बोटीला मालदीवमध्ये माणशी साधारण १३०० ते २५०० डॉलर. राजा अंपातमध्ये २५०० ते ५०००, आणि तिथल्या फेऱ्या बहुधा आठ ते अकरा रात्रींच्या. विमान वेगळं. मालदीवचं तिकीट वेळेत काढलं तर गोव्याच्या दिवाळीच्या तिकिटाशी तुलना होऊ शकते, राजा अंपातसाठी जिथे उतरायचं त्या सोरोंगच्या तिकिटाची होत नाही.

जाहिरातीतल्या दरात काय नाही ते विचारा. मालदीवमध्ये माणशी दररोज १२ डॉलर ग्रीन टॅक्स आणि पर्यटनावर १७ टक्के जीएसटी आहे, राजा अंपातमध्ये सागरी उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगळं भरावं लागतं. नायट्रॉक्स, भाड्याचं सामान आणि खलाशांची टीप हे दोन्हीकडे वर. इथल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा कर) कापला जातो. रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो, पण पैसे आत्ता द्यावे लागतात.

प्रवास आणि व्हिसा?

मालदीवची राजधानी माले मुंबईहून थेट विमानाने पावणेतीन तासांच्या आसपास. पोचल्यावर व्हिसा फुकट मिळतो, त्याआधी ९६ तासांच्या आत इमुगा हा ऑनलाइन फॉर्म भरायचा. दारूची बाटली सामानात नेऊ नका, जप्त होते. बोटीवर मिळते.

सोरोंगला जाकार्तामार्गे. जाकार्ताहून पुढे साधारण चार तासांचं, बहुधा रात्रीचं विमान. सोरोंगचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. इंडोनेशियाचा व्हिसा पैसे भरून पोचल्यावर किंवा आधी ऑनलाइन मिळतो. बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी सोरोंगला पोचा. सामान मागे राहिलं तर बोट तुमच्या बॅगेसाठी थांबत नाही. रेग्युलेटर, कॉम्प्युटर, मास्क हातातल्या बॅगेत, टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्याही तिथेच.

बोटींमध्ये फरक काय?

मालदीवमध्ये मोठ्या बोटीबरोबर एक धोनी असते. सिलिंडर, कॉम्प्रेसर, ओले सूट सगळं तिच्यावर, त्यामुळे मुख्य बोट कोरडी आणि शांत. राजा अंपातच्या बऱ्याच बोटी लाकडी फिनिसी, दोन डोलकाठ्यांच्या. ती बांधण्याची दक्षिण सुलावेसीची कला २०१७मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. दिसायला देखण्या, पण केबिन कधीकधी छोट्या आणि कॉम्प्रेसर उशाशी. डाइव्हला छोट्या रबरी होड्यांतून जायचं आणि मागे पाठीवर पाण्यात पडायचं.

शाकाहारी, जैन जेवण?

मालदीवमध्ये डाळ-भात-पोळी अगदी सहज मिळते. राजा अंपातमध्ये टेंपे, टोफू, शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या भरपूर, फक्त सांबलमध्ये तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असते, ती नको असं आधीच लिहून कळवा. कांदा-लसूण नसलेलं जेवण रोज मागितलं तर आचारी गोंधळतो. मेतकूट आणि थेपले सोबत असू द्या, शेवटच्या दिवसांत मांसाहारीही मागून खातात.

बोट लागते हो मला.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना त्रास होत असेल तर गोळ्या घेऊन जा, नसेल तर बहुधा निभावेल. मालदीवमध्ये वलयाच्या आत पाणी संथ, दोन वलयांमधलं अंतर कापताना हलतं. राजा अंपातमध्ये हंगामात संथ, मिसूलची रात्रीची फेरी सोडली तर. डाइव्हच्या दिवसात कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारा, काहींनी झोप येते.

बायको डाइव्ह करत नाही, आणावं का?

राजा अंपातला आणा. प्रवाळ अगदी पृष्ठभागाजवळ आहेत, कायाक आहे, वायाग किंवा पियानेमोच्या टेकडीवरचा देखावा आहे, पहाटे रेड बर्ड ऑफ पॅरडाइज बघायला जाता येतं. मालदीवच्या बोटीवर तिचा दिवसभर कंटाळा आणि रात्री तुमची कानउघाडणी. तिथे तिला बेटावरचं गेस्टहाउस जास्त आवडेल.

काही झालं तर डॉक्टर?

मालदीवमध्ये डेकम्प्रेशनच्या (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या आजाराच्या) उपचारांची सोय जवळ आहे, बांडोस बेटावर प्रेशर चेंबर आहे. राजा अंपातमध्ये बरे रुग्णालय गाठायलाच कित्येक तास जातात, म्हणून तिथे डाइव्ह थोड्या राखूनच कराव्यात. डाइव्हिंगचा विमा वेगळा काढा. नेहमीच्या प्रवास विम्यात खोलीची अट किंवा सरळ नकार असतो. पापुआत मलेरिया आहे, डॉक्टरांना डाइव्हर आहात हे सांगून गोळी घ्या, कारण मेफ्लोक्विन या मलेरियाच्या गोळीचे दुष्परिणाम डेकम्प्रेशनच्या लक्षणांसारखे भासतात. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान अठरा तास जाऊ द्या, बोटी चोवीस ठेवतात.

लक्षद्वीप का नको?

नको असं कोण म्हणतं! लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस एकाच बुडालेल्या डोंगररांगेवर आहेत. पण तिथे परमिट लागतं आणि डाइव्हिंग बेटावरून होतं, मालदीवसारख्या दर आठवड्याला सुटणाऱ्या बोटी नाहीत. तुलनाच वेगळी होईल. प्रवाळ बघायला एवढ्या लांब जावंच लागतं असंही नाही म्हणा, कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती हलवाव्या लागल्या होत्या. तिथलं पाणी मात्र बघण्याजोगं नाही.

राजा अंपातमध्ये निकेलच्या खाणी आल्यात म्हणे. उशीर होण्याआधी जाऊ का?

२०२५च्या जूनमध्ये बराच गदारोळ झाला आणि इंडोनेशियाच्या सरकारने तिथल्या पाच कंपन्यांपैकी चौघांचे परवाने रद्द केले. खोदलेल्या बेटांवरून पावसात माती समुद्रात उतरते आणि प्रवाळांवर बसते, ही भीती खरी आहे. पण पर्यटकही निर्दोष नाहीत. २०१७मध्ये एक क्रूझ जहाज क्री बेटाजवळच्या रीफवर चढलं आणि मोठा पट्टा खरवडून गेलं. 'संपायच्या आत बघून घेऊ' या घाईत वीस डाइव्हवाल्याने तिथे उतरू नये, एवढंच आम्ही म्हणतो. वर्षभर सराव करा. रीफ तेवढ्यात कुठे जात नाही.

बोट ठरवताना काय विचारायचं?

एका गाइडमागे किती डाइव्हर (चार उत्तम, सहापर्यंत ठीक, त्यापुढे नको). नायट्रॉक्स बोटीवर बनतं की मोजकं भरून आणतात. ऑक्सिजन किती तासांचा आहे. प्रत्येकाला वेगळा सिग्नल बॉय देतात का. मांटाच्या क्लीनिंग स्टेशनवर (छोटे मासे त्यांचं अंग साफ करतात त्या जागी) किती अंतर राखायला लावतात. आणि तुमच्या तारखांचा गेल्या वर्षीचा खरा मार्ग पाठवा म्हणा, जाहिरातीतला नकाशा नको. राजा अंपातच्या चांगल्या बोटी दिवाळी-नाताळासाठी वर्षभर आधी भरतात. मालदीवमध्ये महिनाभर आधीही जागा मिळते, आणि उरलेल्या जागांवर सूट मागायला लाजू नका.